पात्रतेची वेळ : मॅरेथॉन शर्यतीतील सेकंदांचे विज्ञान

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला लागून पहाडगंज ही जुनी पेठ आहे. तिच्या आरामबाग भागात बृहन्महाराष्ट्र भवन व नूतन मराठी शाळा असल्यामुळे दिल्लीतील मराठी कुटुंबांना हा परिसर चांगला परिचयाचा आहे. आरामबागेतून बाजारपेठेच्या वाटेने स्थानकापर्यंतचे अंतर किलोमीटर-सव्वा किलोमीटर भरते. सामान्य माणसास ते चालून जावयास पंधरा-वीस मिनिटे लागतात. आता अशी कल्पना करावी की, एका धावपटूने यातील प्रत्येक किलोमीटर पावणेचार मिनिटांत ओलांडला, आणि तो स्थानकापाशी न थांबता त्याच गतीने रेल्वेमार्गाच्या कडेने थेट सोनीपतच्या आसपास जाऊन पोहोचला. मॅरेथॉन शर्यत म्हणजे काय, याची कल्पना यावरून येऊ शकेल.

परंतु केवळ हे अंतर पार करणे निराळे, आणि ठरलेल्या वेळेच्या आत पार करणे निराळे. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत उतरण्यासाठी धावपटूने आधी एक वेळ गाठावी लागते. तिला पात्रतेची वेळ म्हणतात. ही वेळ कशी मोजली जाते, ती गाठताना शरीरात काय घडते आणि ती थोडक्यात कशी हुकते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पुण्याहून अँटवर्पला

१८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ४२.१९५ किलोमीटर झाले आणि १९२१ मध्ये हेच अंतर कायम करण्यात आले. तोपर्यंत प्रत्येक ठिकाणची शर्यत थोडीफार निराळ्या लांबीची असे.

याच संक्रमणाच्या काळात महाराष्ट्राचा या शर्यतीशी संबंध आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावत. त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा संघ पाठविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्या वेळचा एक किस्सा सांगितला जातो. ऑलिंपिकच्या दर्जाच्या धावपटूस शंभर मीटर धावावयास किती वेळ लागत असेल, असे दोराबजींनी जिमखान्याच्या एका सभासदास विचारले. "एखाद-दोन मिनिटे," असे उत्तर मिळाले. तेथे हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा व सेकंदाच्या अंशांचा असतो, हे दोराबजींना समजावून सांगावे लागले. कौतुक करण्याजोगी धाव आणि मोजलेली धाव यांतील अंतर या किश्श्यावरून ध्यानात येते.

अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे उतरले. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या शर्यतीचे अंतर मात्र ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या अंतराहून ५५५ मीटर अधिक होते. चौगुले यांना प्रत्येक किलोमीटरला सरासरी सुमारे २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे लागली. या गतीने ५५५ मीटरांस २ मिनिटे १३ सेकंद लागतात. ती वजा केली असता आजच्या अंतरासाठी त्यांची वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद येते. तात्पर्य, अंतर नेमके ठरलेले नसेल तर दोन शर्यतींतील वेळांची तुलना निरर्थक होय.

रस्त्याचे मोजमाप

पात्रतेसाठी ग्राह्य धरावयाच्या शर्यतीचा रस्ता प्रमाणित असावा लागतो. त्याचे मोजमाप सायकलने करतात. सायकलच्या पुढील चाकास एक गणकयंत्र जोडलेले असते. ज्ञात लांबीच्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाच्या फेऱ्या व अंतर यांचे प्रमाण आधी निश्चित करतात, आणि नंतर धावपटूस शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर आतील बाजू धरून, सारा रस्ता मोजतात. हवेच्या उष्णतेने चाकातील दाब बदलतो. म्हणून मोजणीच्या आधी व नंतर अशी दोनदा ही पारख करतात.

एवढे करूनही थोडी चूक संभवते. ती चूक रस्ता आखूड करणारी ठरू नये, यासाठी लांबीत हजारात एक या प्रमाणात भर घालतात. ४२.१९५ किलोमीटरवर ही भर सुमारे ४२ मीटर होते. पावणेचार मिनिटांत एक किलोमीटर धावणाऱ्यास तेवढ्यासाठी साडेनऊ सेकंद अधिक लागतात. आरंभापासून शेवटापर्यंत रस्त्याचा एकूण उतार दर किलोमीटरला एक मीटरपेक्षा अधिक असता कामा नये, असाही नियम आहे. कारण उतारावर मिळालेली वेळ ही पायांची नव्हे, गुरुत्वाकर्षणाची कमाई होय.

शरीराची शिदोरी

धावताना माणसास आपल्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे प्रत्येक किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५० किलोग्रॅम वजनाच्या धावपटूस संपूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,१०० किलोकॅलरी लागतील. ही ऊर्जा दोन साठ्यांतून येते. पहिला साठा ग्लायकोजेनचा. ही एक प्रकारची साखळीबद्ध शर्करा असून ती स्नायूंत व यकृतात साठविलेली असते. हा साठा साधारणतः १,६०० ते २,००० किलोकॅलरींचा असतो. दुसरा साठा मेदाचा. तो सडपातळ माणसाच्या अंगीही हजारो किलोकॅलरींचा असतो.

मग अडचण कोठे येते? मेदापासून ऊर्जा मंद गतीने मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायूही अधिक खर्च होतो. जलद धावणाऱ्या स्नायूंना ग्लायकोजेनच हवे असते. गती जितकी अधिक, तितका ग्लायकोजेनचा वाटा अधिक. हा साठा बहुधा तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येतो. पाय जड होतात आणि इच्छा असूनही गती राखता येत नाही. शर्यतीच्या वाटेत शर्करायुक्त पेय घेतात ते याच कारणासाठी. मात्र धावताना आतड्यांतून तासाला सुमारे ६० ग्रॅम शर्कराच सहजपणे शोषली जाते. सरावाने ही मर्यादा काहीशी वाढविता येते. ६० ग्रॅम शर्करा म्हणजे अवघ्या २४० किलोकॅलरी. त्यामुळे वाटेतील पेय शिदोरीस पूरक ठरते. तिची जागा घेऊ शकत नाही.

महिनोन्महिने लांब पल्ल्याचा सराव केल्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे वाढतात, आणि त्याच गतीला मेदाचा वाटा थोडा अधिक व ग्लायकोजेनचा थोडा कमी लागतो. सरावाचा खरा लाभ हाच होय. साठाही काहीसा मोठा होतो; परंतु मुख्यतः तो पुरवून वापरण्याची शक्ती वाढते.

उष्णतेचा हिशेब

स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांश भागच हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या तीन चतुर्थांश भागाची उष्णता होते. वरील उदाहरणात ही उष्णता सुमारे १,५७५ किलोकॅलरी होईल. ती बाहेर पडली नाही, तर दर चार-पाच मिनिटांनी शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढेल! शरीर ती मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकते. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. घाम नुसता गळून पडला तर हा लाभ मिळत नाही. दमट हवेत हीच अडचण होते. शिवाय त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागल्याने स्नायूंच्या वाट्याचे रक्त कमी होते आणि हृदयाचे ठोके वाढतात. वेळ गाठण्यासाठी धावपटू थंड व कोरडा दिवस शोधतात, आणि दिल्लीत मॅरेथॉन फेब्रुवारीत घेण्यात आली आहे, त्याचे कारण यात आहे.

एक उदाहरण : दिल्ली, गुवाहाटी, रिओ

पहाडगंजच्या दक्षिणेस आठ-नऊ किलोमीटरांवर जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. तेथे ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी वस्तीच्या गावातून आलेल्या कविता राऊत यांनी १०,००० मीटर शर्यतीत ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत भारतीय स्त्रीला मिळालेले ते पहिलेच वैयक्तिक पदक होते. या शर्यतीत त्यांचा प्रत्येक किलोमीटर सरासरी ३ मिनिटे १८.५ सेकंदांत झाला.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी स्त्रियांच्या मॅरेथॉनची पात्रतेची वेळ प्रथम २ तास ४२ मिनिटे ठरली होती. पुढे ती २ तास ४५ मिनिटांपर्यंत शिथिल करण्यात आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत कविता राऊत यांनी २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली आणि दोन्ही मर्यादांच्या आत राहून ऑलिंपिकची पात्रता मिळविली. येथे त्यांचा किलोमीटर सरासरी ३ मिनिटे ४५.६ सेकंदांचा होता. दहा किलोमीटरच्या शर्यतीपेक्षा ही गती किलोमीटरमागे २७ सेकंदांनी कमी आहे. दोन्ही शर्यतींत सव्वापाच वर्षांचे अंतर असले, तरी या फरकाचे मुख्य कारण शिदोरीचे गणित हेच होय. दहा किलोमीटरला परवडणारी गती बेचाळीस किलोमीटरला परवडत नाही.

२ तास ४२ मिनिटांच्या मर्यादेपेक्षा त्या ३ मिनिटे २२ सेकंदांनी पुढे होत्या. हे २०२ सेकंद ४२.१९५ किलोमीटरांवर वाटले, तर दर किलोमीटरला पाच सेकंदांहूनही कमी येतात. ऑलिंपिकचे दार उघडणे वा बंद राहणे, हे प्रत्येक किलोमीटरमधील अशाच काही सेकंदांच्या फरकावर अवलंबून असते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ येथे सकाळी साडेनऊला, उन्हात सुरू झालेल्या शर्यतीत त्यांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले व त्यांचा क्रमांक १२० वा आला. सहा महिन्यांतील दोन शर्यतींत किलोमीटरमागे सुमारे तीस सेकंदांचा फरक पडला. पात्रतेची वेळ धावपटूने एका विशिष्ट दिवशी काय केले ते सांगते. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हवेत तेच घडेल, याची ती हमी देत नाही.

समगतीचे महत्त्व

२ तास ४२ मिनिटांसाठी प्रत्येक किलोमीटर सुमारे ३ मिनिटे ५० सेकंदांत धावावा लागतो. समजा, एका धावपटूने उत्साहाच्या भरात पहिले दहा किलोमीटर दहा-दहा सेकंद लवकर धावून १०० सेकंद वाचविले. या घाईत ग्लायकोजेन अधिक खर्च झाले आणि शेवटचे सात किलोमीटर प्रत्येकी ४० सेकंदांनी लांबले. तोटा २८० सेकंदांचा झाला. वजाबाकी केली असता १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे हातची गेली, आणि २ तास ४२ मिनिटांचे २ तास ४५ मिनिटे झाले. आरंभी वाचविलेला वेळ शेवटी व्याजासह परत करावा लागतो. अनुभवी धावपटू पहिल्या दहा किलोमीटरांत स्वतःस आवरून धरतात, ते याचमुळे.

पुरुषांच्या शर्यतीतही हेच दिसते. शिवनाथ सिंह यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. ही वेळ चार दशकांहून अधिक काळ भारतातील सर्वोत्तम राहिली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रतेची वेळ २ तास ११ मिनिटे ३० सेकंद होती. दोहोंतील फरक अवघ्या ३० सेकंदांचा, म्हणजे किलोमीटरमागे पाऊण सेकंदाहूनही कमी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी ही मर्यादा पुरुषांना २ तास ८ मिनिटे १० सेकंद आणि स्त्रियांना २ तास २६ मिनिटे ५० सेकंद अशी आणखी कठीण झाली. मात्र जागतिक क्रमवारीच्या आधारे प्रवेश मिळविण्याची दुसरी वाटही तोवर खुली झाली होती.

डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या तरुणांजवळ दमाची उणीव नव्हती. उणीव होती ती मोजलेल्या अंतराची, अचूक घड्याळाची आणि शरीराच्या ज्ञानाची. ही तिन्ही साधने आज शाळेच्या मैदानावरही उपलब्ध होऊ शकतात. धावणाऱ्याची चिकाटी कोणतेही शास्त्र देऊ शकत नाही. परंतु ती कोठे व किती खर्च करावी, हे शास्त्र सांगू शकते.

स्वाध्याय

१. शाळेच्या मैदानावर मोजपट्टीने २०० मीटरांची फेरी आखा. पाच फेऱ्या धावून प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवा. सर्वांत जलद व सर्वांत मंद फेरीत किती सेकंदांचा फरक पडला?

२. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी मुद्दाम थोडी सावकाश धावून पुन्हा वेळा नोंदवा. एकूण वेळेत काय फरक पडला, याची चर्चा करा.

३. २ तास २६ मिनिटे ५० सेकंदांत मॅरेथॉन पुरी करावयाची असल्यास प्रत्येक किलोमीटर किती वेळात धावावा लागेल?

४. ६० किलोग्रॅम वजनाच्या धावपटूस संपूर्ण मॅरेथॉनसाठी किती ऊर्जा लागेल? त्यांपैकी किती ऊर्जेची उष्णता होईल, आणि ती सर्व घामानेच बाहेर टाकावयाची झाल्यास किती लिटर घामाचे बाष्पीभवन व्हावे लागेल?