विजेचा दाब व पंपाचा कपॅसिटर

वीज आहे, परंतु पंप नुसता गुरगुरतो व अखेर मोटार जळते, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. दोष बहुधा मोटारीचा नसून तारेतील कमी दाबाचा असतो. दाब घटला की भारावलेली मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते.

मोटारीस कामाच्या विजेखेरीज चुंबकत्वासाठी निराळा प्रवाह लागतो. तो पाणी उपसत नाही. रोहित्रापासून विहिरीपर्यंतची तार मात्र तापवितो. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेतील नुकसान चौपट होते. कपॅसिटर हा प्रवाह मोटारीजवळच पुरवितो. पॉवर फॅक्टर ०.८० चा ०.९५ झाल्यास तारेतील प्रवाह सुमारे एक षष्ठांश व नुकसान शेकडा २९ घटते. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस साधारणतः २ केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. तो मोटारीबरोबरच चालू व बंद होईल असा, जाणत्या वायरमनकडून जोडून घ्यावा.

ऑटोस्विच मात्र काढावा. त्यायोगे वीज येताच सर्व पंप एकदम सुरू होतात, व सुरू होतेवेळी मोटार कित्येक पट प्रवाह ओढते.

एकट्याच्या कपॅसिटरने लाभ थोडा. रोहित्रावरील सर्वांनी तो बसविल्यास शेवटच्या विहिरीसही दाब मिळेल. पाटाच्या पाण्याची पाळी आपण पाळतोच. पंप सुरू करण्याचीही पाळावी, एवढीच आमची विनंती.