तुमच्या मुलांचा सीनियर कोण आहे?

पालकहो, जुलै लागला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत एकच तक्रार सुरू होते. मुलगा रात्री दहा-साडेदहाला उगवतो, धड जेवत नाही, आणि विचारलं तर दोन शब्दांत उत्तर देतो, ‘तालीम होती.’ पुरुषोत्तम करंडकाचे दिवस असतात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते आणि भरत नाट्य मंदिरातला तो ‘अरे आव्वाज कुणाचा’ तुमच्यापैकी अनेकांनी स्वतःही दिला असेल.

त्या तालमीत तुमच्या मुलाला रोज भेटणाऱ्या एका माणसाबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. तो प्राध्यापक नसतो. तुमच्या मुलाहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा असतो. घरी त्याचं नाव सारखं कानावर येतं, पण तुम्ही त्याला बहुधा पाहिलेलं नसतं. आपल्या मुलांना पुढारपण कसं करायचं हे आपण सांगतो, शाळा सांगते, हल्ली त्यासाठी सुट्टीतली महागडी शिबिरंही निघाली आहेत. माझं स्पष्ट मत आहे, की मुलं ते या सीनियरकडूनच उचलतात.

पहिल्या वर्षाच्या मुलाला सहसा भूमिका मिळत नाही. त्याच्या वाट्याला बॅकस्टेज येतं. लेव्हल्स उचलायच्या, प्रॉपर्टीची यादी सांभाळायची, ब्लॅकआउटमध्ये टेबल बरोबर खुणेवर नेऊन ठेवायचं. स्पर्धेत वेळेचं बंधन कडक, त्यामुळे नेपथ्य लावण्याचीसुद्धा तालीम होते. अशात एके दिवशी रन थ्रू चालू असताना त्याच्याकडून लाइट उशिरा जातो आणि ऐन रंगलेला प्रसंग पडतो. सगळे थांबतात. आता सीनियर काय करतो? एक जण सर्वांदेखत विचारतो, ‘कुणी केलं हे?’ दुसरा म्हणतो, ‘पुन्हा घेऊ,’ आणि तालीम संपल्यावर त्याला बाजूला घेऊन, कुठल्या वाक्यावर हात बटणावर ठेवायचा ते दाखवतो. पाच मिनिटांचाही मामला नाही. पण उद्या हातात टीम आली की हा मुलगा काय करेल, ते तिथे ठरू लागतं. पहिल्याच्या हाताखाली तो चूक लपवायला शिकतो आणि पुढे दुसऱ्यांच्या चुका शोधत फिरतो. दुसऱ्याच्या हाताखाली त्याला कळतं, की काम अडलं तर आधी काम सावरायचं.

हे आपल्याला, आईवडिलांना, का जमत नाही? आपण वीस वर्षांचा अनुभव घेऊन बोलतो. मुलाला तिथपर्यंतचा रस्ता दिसत नाही. सीनियर मात्र दोन वर्षांपूर्वी त्याच लेव्हल्स वाहत होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्यासारखं होणं आवाक्यातलं वाटतं. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं हेच मांडलं होतं. मूल आज मोठ्यांच्या किंवा आपल्याहून थोड्या जाणत्या सोबत्याच्या मदतीनं जे करतं, तेच उद्या एकट्यानं करतं.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. १९४१पासूनचं राष्ट्र सेवा दल घ्या, किंवा आप्पा पेंडशांनी १९६२मध्ये सुरू केलेली ज्ञान प्रबोधिनी घ्या. शाळकरी मुलांना हाताशी धरायला तिथे कॉलेजातले दादा आणि ताया उभे राहत आले.

हरण्याचं शिक्षणही असंच मिळतं. २०२२मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं परीक्षकांनी ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वादही झाला. असा निकाल लागल्यावर टीमसमोर उभं राहून काय बोलायचं, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. पण त्या घडीला सगळे ज्युनियर सीनियरच्या तोंडाकडे बघत असतात, आणि तो जे बोलेल ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

म्हणूनच सीनियर कोण आहे याकडे लक्ष ठेवा. मोठेपणाच्या नावाखाली छळणारेही असतात, नाहीतर महाराष्ट्राला १९९९मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला नसता. दादा ओरडतो, एवढ्यावरून घाबरू नका. तालमीत आवाज चढतातच. पण मुलगा त्याचं नाव निघताच गप्प होत असेल, तालमीला जायच्या वेळी त्याचं पोट दुखत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. मुलीच्या आईवडिलांनी आणखी एक विचारावं, तिच्याकडे फक्त कपडेपट आणि मेकअपच येतो का? दिव्यांची, संगीताची, पुढे दिग्दर्शनाची जबाबदारी तिला मिळत नसेल, तर तीही एक शिकवणच आहे, आणि ती वाईट आहे.

आता एक कळकळीचं सांगणं. पहिल्या वर्षी आपण हौस म्हणून परवानगी देतो आणि तिसऱ्या वर्षी ‘आता बास, करिअरकडे बघ’ म्हणून थांबवतो. तुमची काळजी खोटी नाही. परीक्षा असतात, नोकरीच्या मुलाखती असतात. पण दोन वर्षं दुसऱ्याचं ऐकून झाल्यावर नेमकी आता त्याची पाळी आलेली असते. नवखी मुलं त्याच्याकडे बघू लागलेली असतात. कुणाला किती काम सोपवायचं, कुणाची समजूत काढायची, स्वतः कधी मागे सरायचं, हे त्याला याच वर्षी कळणार असतं. ते मधेच तोडलं तर तो उत्तम ज्युनियर म्हणून बाहेर पडतो, त्याहून पुढे जात नाही. वेळेचं गणित त्याच्यासोबत बसून मांडा, तालमीचे तास ठरवून घ्या, हवं तर त्याची भूमिका सुटू द्या. पण ज्युनियर्सना हाताशी धरण्याचं काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. आणि तालीम बंद कर म्हणण्याआधी त्याला एवढं जरूर विचारा, ‘यंदा तू कुणाला शिकवतोयस?’