मोटारीतला अदृश्य सारथी

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, त्यांत रोवणीची गडबड आणि चिखलणी करून बाहेर पडणारे ट्रॅक्टर दिसतील. ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर पडतो, त्यावर पावसाची भुरभुर होते आणि काल खडखडीत असलेला रस्ता आज साबण लावल्यासारखा होतो. पुढे चिखल जातो, तर त्याच रस्त्यावर धान वाळत घातलेले असते, तणस पसरलेले असते. देवरी, सडक-अर्जुनी, नवेगावबांधकडे वळलात तर कुठे सुटा मुरूम लागतो, आणि तिन्हीसांजेला चितळांचा कळप आडवा येतो.

अशा रस्त्यावर मोटार चालवणारा माणूस रस्ता नुसता डोळ्यांनी पाहत नाही. हातांनी, पायांनी, पाठीने आणि कानांनीही तो रस्ता वाचत असतो. जाणत्या चालकाला गाडी चालवताना जी मजा येते ती वेगाची नव्हे. वेग तर आगगाडीत खिडकीशी बसूनही मिळतो. मजा आहे ती रस्त्याचा निरोप ओळखण्यात आणि त्याला वेळेवर उत्तर देण्यात. गेल्या काही वर्षांत मात्र चालकाशेजारी आणखी एक सारथी येऊन बसला आहे. तो दिसत नाही. पण ब्रेक दाबतो, स्टिअरिंग वळवतो, मध्येच शिटी वाजवतो. "याने गाडी चालवण्यातली गंमत गेली," असे कित्येक जुने चालक म्हणतात. "याने जीव वाचतात," असे मोटार बनवणारे म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, दोघेही थोडे थोडे खरे बोलतात. कोण कोठे खरे, हे पाहायला आपल्याला विज्ञानाच्या पुस्तकातील घर्षणाचे प्रकरण पुरेल.

चाकाचा निरोप

दवाखान्यातल्या ढकलगाडीची पुढची चाके पाहा. गाडी ढकलली की ती आपोआप गतीच्या दिशेने वळतात, कारण चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा त्याच्या खुंटीच्या मागे असते. मोटारीच्या पुढच्या चाकांतही हीच युक्ती आहे. वळणावर टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित पिळवटतो आणि चाकाला बाजूने ढकलणारे बल त्या भागाच्या मध्याच्या थोडे मागे लागते. त्यामुळे चाक सतत सरळ व्हायला पाहते, आणि ही ओढ चालकाच्या तळहातांना जाणवते.

आता खरी मौज पुढे आहे. वळण जसजसे अवघड होते तसतशी ही ओढ आधी वाढते. पण टायरची पकड संपत आली की पकड पूर्ण सुटण्याच्या अगोदरच ओढ कमी होऊ लागते. स्टिअरिंग अचानक हलके वाटते. म्हणजे "आता मी घसरणार" हे टायर घसरण्यापूर्वी सांगतो! प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जीप चालवलेल्या माणसाला हा निरोप ठाऊक असतो, मग त्यामागचे गणित त्याला येवो न येवो. त्या गाड्यांचे स्टिअरिंग जड होते, उभ्या गाडीची चाके वळवताना खांदे भरून येत. पण निरोपाची तार मात्र अखंड होती.

आजच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगला विजेच्या मोटरीची मदत असते. चालक किती जोर लावतो हे एक संवेदक मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर उरलेला जोर लावते. बाजारातल्या गर्दीत गाडी लावताना ही सोय किती सुखाची, हे कोणीही सांगेल. पण मदतीचे प्रमाण अजागळपणे ठरवले असेल तर खड्ड्यांच्या हादऱ्यांबरोबर टायरचा निरोपही पुसला जातो. मोटर बसवली म्हणून तार तुटतेच असे नाही. चांगल्या अभियंत्यांनी ती जपलेली आहे. तेव्हा गाडी घेताना दुकानातल्या फरशीवर चाक फिरवून "किती हलके!" म्हणण्यात अर्थ नाही, ते वळणावर काय सांगते हे पाहावे.

बोटांपेक्षा चपळ ब्रेक

जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि गाडी फरफटत जाते. फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर जमिनीशी जवळजवळ स्थिर असतो. फरफटणाऱ्या चाकाचा तो घासत जातो, आणि सरकत्या वस्तूचे घर्षण स्थिर वस्तूच्या घर्षणापेक्षा कमी असते. शिवाय फरफटणारे चाक वळवले तरी गाडी वळत नाही. याला उपाय म्हणून जुने चालक ब्रेक थोडा दाबत, सोडत, पुन्हा दाबत. पण पायाने हे सेकंदाला दोन-तीनदा जमते. चाक अडकू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे एबीएस, हेच काम सेकंदाला दहा-पंधरा वेळा करते आणि तेही प्रत्येक चाकाचे वेगळे. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९७८ मध्ये मोटारींसाठी बाजारात आणली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे.

ही यंत्रणा काम करू लागली की ब्रेकचा पट्टा पायाखाली थरथरतो. काही बिघडले असे वाटून लोक पाय उचलतात, आणि नेमके तेथेच फसतात. ज्या गाडीत एबीएस आहे तिचा ब्रेक संकटात पूर्ण दाबून धरायचा आणि गाडी मोकळ्या बाजूला वळवायची. घरात कोणी "ब्रेक पंप कर" असे शिकवत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

मात्र सुट्या मुरमावर हिशेब उलटा होतो. तेथे अडकलेले चाक आपल्यापुढे मुरमाचा ढीग गोळा करते आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाकाला फिरते ठेवते, त्यामुळे ढीग साचत नाही आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकते. जंगलालगतच्या रस्त्यावर डांबर संपून मुरूम लागला की वेग आधीच कमी करायचा तो याच कारणाने.

एबीएस थरथरते ते पकडीच्या सीमेवर. एरवी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते झोपलेले असते. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम आलेली ईएसपी ही यंत्रणाही तशीच आहे. चालकाने चाक किती वळवले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याची तुलना ती सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा करते. दोहोंत तफावत दिसली की ती एकाच चाकाचा ब्रेक दाबून गाडीचे तोंड सरळ करते. चालकाला दोन पायांनी चार चाकांचे चार वेगळे ब्रेक कधीच दाबता येणार नाहीत! म्हणून अशा यंत्रणेने मजा हिरावली असे म्हणणाऱ्यांचे मला पटत नाही. जे काम माणसाला मुळीच येत नव्हते ते कोणी केले तर आपले काय गेले?

ईएसपीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९७ मध्ये मर्सिडीजची 'ए-क्लास' ही छोटी मोटार स्वीडनमधल्या एका चाचणीत उलटली. मूस नावाचे मोठे हरीण अचानक आडवे आले तर गाडी झटकन डावी-उजवीकडे वळते का, हे पाहणारी ती चाचणी होती. कंपनीची फार नाचक्की झाली, आणि मोठ्या महागड्या गाड्यांत मिळणारी ईएसपी त्या छोट्या गाडीत सर्वांनाच द्यावी लागली. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासांत असे दिसले की, एकच गाडी गुंतलेल्या प्राणघातक अपघातांचा धोका या यंत्रणेने जवळजवळ निम्मा होतो.

आपल्याकडेही २०१९ पूर्वी कित्येक छोट्या मोटारींत एबीएस आणि हवेच्या पिशव्या फक्त महाग प्रकारात मिळत. चमकदार चाके, गाण्यांचे यंत्र आणि जीव वाचवणारा ब्रेक यांचे एकच गाठोडे! ज्याला गाणी नको होती त्यालाही ब्रेकसाठी गाठोडे घ्यावे लागे. आणि पैसे कमी पडले की आधी सुटे तेच गाठोडे. ऐच्छिक सोयींच्या यादीत शरीराच्या सुखाच्या आणि जिवाच्या रक्षणाच्या वस्तू शेजारी-शेजारी बसवणे मला तरी बरे वाटत नाही.

म्युनिकच्या टॅक्सी

मग यंत्रणा बसवली की अपघात कमी होतातच का? १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात एक सुंदर प्रयोग झाला. टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस बसवले, काहींना नाही. बाकी गाड्या सारख्याच. अपघातांची नोंद ठेवली, आणि निरीक्षकांना प्रवासी म्हणून टॅक्सीत बसवले. दोन्ही गटांच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण एबीएसवाले चालक अधिक धसमुसळेपणाने गाडी हाकू लागले होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च करून टाकली.

मधल्या वाटेवरचे मदतनीस

आता वेगळ्या जातीचे मदतनीस पाहू. हे पकडीच्या सीमेवर नव्हे, सरळ साध्या रस्त्यावर काम करतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारे रडार, पट्ट्यांच्या मध्ये गाडी ठेवणारा कॅमेरा, आपोआप लागणारा ब्रेक. सुरत-नागपूर-रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) कोहमारा, देवरीवरून जातो. त्याच्यावर ठळक पांढरे पट्टे असतात, तेथे कॅमेऱ्याला वाट दिसते. गावाकडे वळलात की पट्टे संपतात आणि कॅमेरा आंधळा होतो. महामार्गावरही बैलगाडीला वळसा घालताना चालकाने दिवा दाखवला नाही, तर ही यंत्रणा "तू भरकटतो आहेस" असे समजून चाक मागे ओढते. रडारचे तर आणखी वेगळे. लोखंडी पत्र्यावरून त्याच्या लहरी जोरात परततात, ताडपत्री टाकलेल्या धानाच्या ढिगावरून तशा परतत नाहीत.

प्राण्यांचे काय? स्वीडनची व्होल्व्हो कंपनी मोठे प्राणी ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा बनवते. तिला मूस, हरिणे ओळखता येत. २०१७ मध्ये बातमी आली की ऑस्ट्रेलियात ती कांगारूंपुढे गोंधळते. जमिनीचा आधार घेऊन ती प्राण्याचे अंतर काढत असे; कांगारू उडी मारून हवेत असला की तिला तो दूर वाटे, खाली आला की जवळ! यंत्राने जे पाहिले नाही ते त्याला कळत नाही.

नागझिरा आणि नवेगाव या जंगलांमधली प्राण्यांची वाट आपल्या जिल्ह्यातले रस्ते ओलांडून जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये गोरेगाव-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका वाघाला मोटारीची धडक बसली आणि तो मेला. अशा वेळी आपोआप लागणारा ब्रेक किती उपयोगी पडेल? हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. माणसाला पाहून ब्रेक दाबायला सुमारे १ सेकंद लागतो, तेवढ्यात २२ मीटर गेले. पुढे ओल्या रस्त्यावर (घर्षणगुणांक ०.४ धरून) थांबायला ६३ मीटर. एकूण ८५. यंत्राने ०.३ सेकंदात ब्रेक लावला असे मानले, तरी ७ आणि ६३ मिळून ७० मीटर. खाली पडणाऱ्या दिव्यांच्या उजेडात अंधारी आकृती जेमतेम ४०-५० मीटरवर दिसते. म्हणजे यंत्राने वाचवलेले १५ मीटर मोलाचे असले, तरी त्या ६३ मीटरांना कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स हात लावू शकत नाही. एबीएस काय, ईएसपी काय, रस्त्यावर आहे तेवढेच घर्षण ते नीट वाटून देतात. नवे घर्षण निर्माण करणारे यंत्र निघालेले नाही.

या मधल्या मदतनिसांचा दुसरा धोका विमानवाल्यांना आधी कळला. वैमानिकाऐवजी यंत्रच विमान चालवू लागल्यावर वैमानिकांचा हात सुटतो, असे लक्षात येऊन अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना कळवले की, वैमानिकांना हाताने विमान चालवण्याची संधी द्या. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही वैमानिक घडवणारी संस्था आहे. तेथल्या छोट्या विमानांवर नवशिक्यांना आधी स्वतःच्या हातांनी उडायलाच शिकावे लागते. मोटारीच्या चालकाला मात्र कोणी असा सराव देत नाही. वीस मिनिटे काहीही न करता बसलेल्या माणसाचे चित्त, गरज पडेल त्या एका सेकंदात परत येईल ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणून येथे जुन्या चालकांची तक्रार मला बरोबर वाटते. मजा आणि अवधान ही जुळी भावंडे आहेत. एकाला घराबाहेर काढले की दुसरेही निघून जाते. उलट २०१९ पासून सक्तीची झालेली वेगाची सूचना पाहा. ताशी ८० च्या वर गेलात की ती टुक् करते, १२० च्या वर सतत ओरडते. पण पाय उचलणे तुमच्यावरच सोडते.

करून पाहा

एका विटेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबर घट्ट गुंडाळा. प्रयोगशाळेतला ताणकाटा दोरीने तिला जोडून सिमेंटच्या सपाट जागेवर हळूहळू ओढा. वीट हलण्याच्या क्षणी काटा किती दाखवतो आणि सरकत असताना किती, हे दोन्ही लिहा. प्रत्येकाला विटेच्या वजनाने भागले की दोन घर्षणगुणांक मिळतील. मग जागा ओली करून, नंतर चिखलाचा पातळ लेप देऊन, आणि शेवटी कोरड्या जागेवर मूठभर धान पसरून पुन्हा मोजा. शेवटचा आकडा बहुतेकांना चकित करील.

आता हे गणित सोडवा: रात्री ४० मीटरपर्यंतच दिसते, चालकाला १ सेकंद लागतो, आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाला घर्षणगुणांक व ९.८ यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागून मिळते. तर जास्तीत जास्त किती वेगाने जावे? ०.४ साठी उत्तर ताशी सुमारे ५१ किलोमीटर येते. धानावरचा तुमचा आकडा ०.२ आला, तर ते ३९ च्या खाली उतरते.