न्हाणीच्या पाइपातला दगड

आमच्या गल्लीत सगळ्यांकडे बोअरचे पाणी आहे. न्हाणीत चार तांबे अंगावर घेतले की पाणी तुंबते आणि घोट्याला लागते. खालची बुळबुळीत फरशी दिसत नाही, म्हणून आजी आंघोळीला आत जायला भिते. पाइप उपटून नवा घालावा असे घरात ठरत होते. तेव्हा मी म्हटले, आधी आत काय अडकलंय ते तरी बघू.

जाळी उचलली. तिच्याखाली वाटीसारखा भाग असतो, त्याला गवंडी नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात नेहमी थोडे पाणी राहते व त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. त्यातले केस आणि साबणाचा साका वाकड्या तारेने काढला. तरी पाणी हळूच जाई. पाइपाच्या तोंडाला पांढरट कठीण थर होता. त्याची एक खपली वाटीत घेऊन वर लिंबू पिळले, तर बारीक बुडबुडे आले! अंड्याच्या कवचालाही असेच येतात, करून बघा. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असते.

ते पाइपात कसे येते? पावसाचे पाणी मातीत मुरताना कार्बन डायऑक्साइड घेते व किंचित आंबट होते. आपल्याकडचा काळा दगड आणि मातीतली चुनखडी यांतले कॅल्शियम त्यात विरघळते. असे पाणी म्हणजे दुष्फेन पाणी, साबणाला फेसच येत नाही. ते तापले की वायू निघून जातो आणि चुना मागे राहतो. बंबाच्या आत बघा, तोच थर. पाइपात तो साबणाच्या साक्यात मिसळून दगडासारखा बसतो.

दगड आंबटाने विरघळतो, पण त्याला वेळ लागतो. वरून ओतलेले आंबट पाणी उतारावरून लगेच पळून जाते, मग काम काय होणार? म्हणून आम्ही परसातले पाइपाचे तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चिंधीने गच्च बंद केले. ट्रॅपमधले पाणी वाटीने काढले. पाइप दोन इंची आणि दहा फूट, म्हणजे साधारण ३०० सेंमी. ३.१४ × २.५ × २.५ × ३०० = सुमारे ५,८८७ घन सेंमी, म्हणजे जवळजवळ ६ लिटर. (गुरुजींचे सूत्र शेवटी न्हाणीत उपयोगी पडले.) लिटरला ५० ग्रॅम याप्रमाणे ३०० ग्रॅम लिंबाचे सत्त्व साध्या पाण्यात विरघळवले. किराणा दुकानात त्याला लिंबूफूल म्हणतात. नरसाळ्याने ओतून रात्रभर ठेवले. जाळी उघडी ठेवली, कारण आत वायू तयार होतो. सकाळी बोळा ओढला तर गढूळ पाणी व खपल्या बाहेर आल्या. दोन रात्री असे केल्यावर पाणी भरभर जाऊ लागले.

नरसाळे का, तर शहाबादी फरशी हाही चुनखडीचाच दगड. त्यावर आंबट सांडले की तिची चमक जाते. सत्त्व डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे काम मोठ्यांनीच करावे. काही जण सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात. फेस खूप येतो, पण दोघे एकमेकांनाच मारतात, दगड तसाच राहतो. धुण्याचा सोडा वेगळा, कोमट पाण्यातून वापरला तर चिकट साका सुटतो. उकळते पाणी मात्र पीव्हीसी पाइपात ओतू नये, पाइप मऊ पडतो.

पालकांनी हे जरूर वाचावे. बाजारातले संडास धुण्याचे ॲसिड आणि पाण्यात टाकायची टीसीएल पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली हाच वायू शत्रूवर सोडला होता. न्हाणी म्हणजे लहानशी बंद खोली, त्यात एक श्वासही छातीला बाधतो. न्हाणीत आधी टीसीएल टाकली असेल तर लिंबूफूलसुद्धा ओतू नका, आधी भरपूर पाणी सोडा.

एवढे करूनही पाणी तुंबले तर पाइपाचा उतार तपासावा. दहा फुटांना साधारण तीन इंच उतार लागतो. मधेच पाइप खचला असेल तर लिंबूफूल काय करणार, तिथे गवंडीच पाहिजे.

— इयत्ता सातवी