भाचीला कानमंत्र : कोरी डीव्हीडी पारखताना

स्टुडिओ आता तू सांभाळणार. कॅमेऱ्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिथे मी तोंड घालणार नाही. पण परवा फोनवर म्हणालीस की पेन ड्राइव्ह दिला तरी नवरदेवाची आजी डीव्हीडीच मागते, आणि त्या वकीलसाहेबांनाही सीसीटीव्हीचं फुटेज डिस्कवरच हवंय. म्हणजे राइटर एवढ्यात माळ्यावर जात नाही. तर डिस्क पारखायची कशी, तेवढं मामाकडून ऐकून घे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. डिस्क चालली म्हणून ती चांगली निघाली असं होत नाही. चुका प्रत्येक डिस्कवर असतातच, कितीही महागाची घे. माहिती ३२ किलोबाइटच्या गठ्ठ्यांनी लिहिली जाते आणि प्रत्येक गठ्ठ्याचा २०८ ओळींचा तक्ता असतो. त्यात दुरुस्तीसाठीचे जादा बाइट आडवेही असतात, उभेही. एका ओळीत ५ बाइटपर्यंत बिघडले तर ती ओळ आपली आपण सावरते. त्याहून जास्त बिघडले तर उभ्या रांगा मदतीला येतात. हे सगळं ड्राइव्ह आतल्या आत उरकतो. घरात कितीही ओढाताण असली तरी पाहुण्यांपुढे चहा वेळेवर आणणाऱ्या बाईसारखं त्याचं काम. टीव्हीवर चौकोन दिसायला लागतात तेव्हा आतलं सगळं आधीच हाताबाहेर गेलेलं असतं. म्हणून चित्र बघून डिस्क पास करायची नाही. ओढाताण किती चाललीय, ते बघायचं.

खरेदीपासून सांगतो. डब्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना, यांचा संबंध असेलच असं धरू नकोस. एकाच कंपनीच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघतो. खरं नाव डिस्कमध्येच कोरलेलं असतं. 'इम्गबर्न' उघडून कोरी डिस्क आत सरकव, उजव्या बाजूला डिस्क आयडी दिसेल. टीवायजी ०३ म्हणजे जपानच्या तायो युदेनची १६ एक्स, एमसीसी ०३आरजी२० म्हणजे मित्सुबिशीची, सीएमसी मॅग म्हणजे तैवानची, आणि एमबीआय दिसलं की आपली नॉयडाची मोझर बेअर. आमच्या वेळी तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला गेलो की तायो युदेनच्या नावानं दुकानदार डोळे मिटून पैसे मागायचा. त्या नावाचे नकली कोडसुद्धा निघाले होते, म्हणून नुसत्या कोडवर जीव टाकू नकोस. तायो युदेननं २०१५ अखेर हा धंदाच बंद केला, मोझर बेअर २०१८ साली लिलावाच्या वाटेला लागली, आणि मित्सुबिशीचं व्हर्बेटिम २०१९ साली सीएमसीकडे गेलं. त्यामुळे आज कुणी 'जुना जपानी स्टॉक आहे' म्हणून गळ्यात मारायला आला तर लगेच हुरळायचं नाही. कोरी डिस्कही म्हातारी होते. आतला रंग सेंद्रिय असतो, तो डब्यात बसून काही तरुण राहत नाही.

पन्नासचा डबा घेण्याआधी त्याच मालाच्या चार-दोन सुट्या डिस्क आण. ट्यूबलाइटखाली तिरकी धर आणि कडेकडेनं बघ. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली १.२ मिलिमीटरची वस्तू. रंगाचा थर त्या दोघींच्या मध्ये असतो. डिंक नीट पसरलेला नसला तर बाहेरच्या काठाला चंद्रकोरीसारखी फिकट पट्टी किंवा बारीक बुडबुडे दिसतात. जांभळट रंग सगळीकडे सारखा हवा. काठाला डाग दिसला की तो डबा परत, तिथे भीड धरू नकोस.

काठावर माझा एवढा जोर का? डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. रंगाचा थर बाहेरच्या काठाला सारखा बसवणं सगळ्यात अवघड, डिस्क वाकडी असली तर तो वाकडेपणा तिथेच जास्त, आणि १६ एक्सच्या लेखनात सर्वात जास्त वेग गाठला जातो तोही तिथेच. लग्नाच्या डिस्कमध्ये हळद-मेंदी आत आणि पाठवणी काठाला. आई-वडिलांना हुंदका येतो नेमका तिथेच चित्र अडकतं, आणि शिव्या आपल्याला. म्हणून तपासायची डिस्क काठोकाठ भरूनच तपासायची. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर त्यालाच ४.३८ म्हणतो, तेवढी पूर्ण भर. अर्धी डिस्क भरून 'चांगली आहे' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

वेगाचं म्हणशील तर १६ एक्सच्या डिस्कवर मी ८ एक्सनं लिहायचो. १६ नं सहा मिनिटं लागतात, ८ नं आठ-नऊ. वाचणाऱ्या तीन मिनिटांपायी काठ कशाला बिघडवायचा? पण अगदी २ एक्सवर आणलं की आणखी सोनं होतं, हा भ्रम आहे. कुठल्या डिस्कला लेझरचा किती झटका, किती वेळ द्यायचा याचा हिशेब राइटरच्या फर्मवेअरमध्ये डिस्कच्या कोडप्रमाणे भरलेला असतो, आणि वेगवान डिस्कचा रंग वेगासाठीच बनवलेला असतो. फार हळू लिहिलं की आकडे कधीकधी उलटे वाढतात. प्रत्येक नव्या मालाची एक डिस्क ८ नं, एक १२ नं लिही आणि कुठली बरी ते आकड्यांना ठरवू दे.

आता आकडे. पहिली तपासणी साधी, वाचनाच्या वेगाचा आलेख. 'नीरो डिस्कस्पीड'मध्ये तो मिळतो. १६ एक्सनं वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये रेघ साडेसहाच्या आसपास सुरू होऊन काठाला सोळापर्यंत सरळ चढली पाहिजे. मध्ये खड्डा पडला म्हणजे ड्राइव्ह तिथे अडखळला आणि त्यानं वेग उतरवला. शेवटच्या भागात खड्ड्यांची रांग दिसली तर पुढे काही बघू नकोस, तो माल नापास.

रेघ सरळ आली तरी थांबायचं नाही. आता खरी झडती, डिस्क क्वालिटी स्कॅन. ही प्रत्येक ड्राइव्हमध्ये होत नाही. काही कंपन्यांचे राइटर हे आकडे देतच नाहीत. जुना लाइट-ऑन किंवा बेनक्यू मिळाला तर भंगारवाल्याला देऊ नकोस, तपासणीसाठी ठेव. वर दिसतात त्या पीआय एरर, म्हणजे ज्या ओळींत काहीतरी बिघाड सापडला त्या ओळी. लागोपाठच्या ८ गठ्ठ्यांत मिळून २८० ही ठरवून दिलेली हद्द. खाली दिसतात त्या पीआय फेल्युअर, म्हणजे ज्या ओळी स्वतःहून सावरल्या नाहीत. एका गठ्ठ्यात त्या ४ पेक्षा जास्त नकोत. पीओ फेल्युअर मात्र शून्यच हवी, तिथे माहिती खरोखर गेलेली असते.

माझं मत विचारशील तर २८० च्या हद्दीवर विसंबू नकोस. ती हद्द आजच्यापुरती. आज २०० वर असलेल्या डिस्कला उद्याच्या उन्हाळ्यासाठी, ओरखड्यांसाठी जागाच उरत नाही. वरचा आकडा दोनअंकी राहिला, खालची रांग बुटकी राहिली आणि काठाकडे जाताना डोंगर उभा राहिला नाही, तर तो माल घे. एखादाच उंच सुळका दिसला तर डिस्क पुसून पुन्हा स्कॅन कर. धूळ असली तर सुळका जातो. पुसताना मऊ कापड आतून बाहेर सरळ ओढ, गोल फिरवू नकोस. आणि तुलना करताना ड्राइव्ह तोच, स्कॅनचा वेग तोच. वेग बदलला की आकडे बदलतात, मग भांडण कुणाशी करायचं?

ज्या राइटरनं लिहिलं त्याच्याच साक्षीवर सोडूही नकोस. लिहून झाल्यावरचं 'व्हेरिफाय' हे त्याचंच स्वतःच्या कामाला दिलेलं प्रशस्तिपत्र. एक प्रत कुरकुरणाऱ्या जुन्या प्लेअरवर लाव आणि सरळ शेवटच्या प्रकरणावर जा.

अडकतंय म्हटलं की सगळा दोष डिस्कवर टाकायचीही घाई नको. एकाच कामाच्या दोन-तीन प्रती एकाच प्लेअरवर लावून बघ. सगळ्या एकाच सेकंदाला अडकल्या तर दोष तुझ्या फाइलमध्ये आहे, बहुतेक बिटरेट ताणलेला असणार. डीव्हीडीला चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर तेवढं चढवलं की जुने प्लेअर धापा टाकतात. ६-७ वर ठेव, लग्नाच्या झगमगाटालाही पुरतं. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी अडकली तर मात्र माल वाईट.

चिकटणारी गोल लेबलं लावू नकोस, कागद पूर्ण मधोमध बसत नाही आणि डिस्क हादरत फिरते. बॉलपेन तर नकोच, पाण्याच्या शाईचा मार्कर वापर. डबीतून काढताना मधलं बटण दाबून काढ. काठ धरून वाकवलं की त्या दोन चकत्यांचा जोड सुटतो. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही, हे गिऱ्हाइकालाही सांग. जपून ठेवायच्या कामाला आरडब्ल्यू कधीच नाही. आणि ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क मी तरी फार जपून वापरायचो, एका थरावरून दुसऱ्यावर जातानाच घोळ होतो.

पास झालेल्या प्रत्येक मालाची एक डिस्क तारीख टाकून बाजूला ठेव आणि दिवाळीनंतर काम हलकं झालं की दरवर्षी तिचा स्कॅन घे. आकडा वर्षागणिक चढताना दिसला की त्या मालावरच्या मास्टर प्रती लगेच नव्या जागी उतरव, हद्द गाठायची वाट बघू नकोस. माझ्या लोखंडी कपाटात वरच्या दोन कप्प्यांत जुन्या लग्नांच्या मास्टर डिस्क आहेत. गणपतीआधी त्या सगळ्या हार्ड डिस्कवर घे, आणि सुरुवात सर्वात वाईट काठ असलेल्यांपासून कर.