टू-डी इको : हे गुणपत्रक नव्हे!



घरातल्या आजी-आजोबांचा टू-डी इको होतो. रिपोर्टवर 'ई. एफ. ६०%' दिसतं आणि आपण दचकतो, "शंभरपैकी साठच?" पण हे मार्क नाहीत. हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीरभर रक्त ढकलतो. समजा, आकुंचनापूर्वी त्यात १२० मिली रक्त होतं आणि एका ठोक्यात ७२ मिली बाहेर पडलं. ७२ भागिले १२०, गुणिले १००, उत्तर ६०. (शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर फळ्यावर घ्या.) निरोगी हृदयही सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५० ते ७० म्हणजे ठीक, ४० किंवा त्याहून कमी म्हणजे पंप कमजोर.

आता 'हार्ट फेल्युअर'. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे! शरीराच्या गरजेइतकं रक्त पुरवणं त्याला जड जातं. मग पायांना सूज येते, आडवं झालं की धाप लागते. आणि इथेच बरेच जण फसतात. ई. एफ. ५५ असूनही हा आजार असू शकतो. हृदय दाबतं व्यवस्थित, पण ताठर झाल्याने सैल पडून नीट भरत नाही. उतारवयात, ब्लडप्रेशर-मधुमेह असलेल्यांत हे खूप दिसतं. त्यामुळे "आकडा नॉर्मल आहे, दम वयामुळे लागतो" असं घरीच ठरवू नका.

तपासणीत वटवाघळाचीच युक्ती असते : आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी पाठवायचा, प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. मध्ये हवा राहू नये म्हणून छातीवर जेल लावतात. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारं यंत्र हृदयावर वापरून पाहिलं. मुलांना हे सांगून बघा, डोळे मोठे होतात!

दवाखान्यात सावकाश, सगळी मापं घेऊन इको करतात. अत्यवस्थ रुग्णाला तेवढा वेळ कुठे? तिथे खाटेपाशीच दोन-चार मिनिटांत पाहतात : पंप कमजोर आहे का, हृदयाभोवती पाणी आहे का, फुप्फुसं ओली आहेत का. यासाठी आता मोबाइलला जोडता येणारी यंत्रंही आली आहेत. मात्र गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते वाटेल तिथे फिरवता येत नाही. कारण आपल्याला ठाऊकच आहे.

जुने रिपोर्ट तारखेनुसार फाइलला लावा. मोजणारा बदलला की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून डॉक्टर आधीचा रिपोर्ट मागतात.