आकडे भरतोस, आता वाचही

यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरून झाली की तुम्ही मास्तर मंडळी ‘सुटलो’ म्हणता. अरे, माहिती वर गेली म्हणून ती परकी होते का? पोर्टलवर शाळेचा अकरा अंकी क्रमांक टाकला की तुझ्याच शाळेचं प्रगतिपुस्तक उघडतं. ते छापून काढ आणि आधी मुलींच्या स्वच्छतागृहाचा रकाना बघ. ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. भरणारा घाईत दोन्हीकडे एकच आकडा ठोकतो. मग नळाला पाणी नाही म्हणून ग्रामपंचायतीकडे कोणत्या तोंडाने जाणार? कागदावर तर सगळं झकास.

पटाकडे मात्र जास्त लक्ष दे. ही माहिती धरतात ३० सप्टेंबरच्या पटावर. आपल्या बीडकडे त्या दिवशी वर्ग भरलेला असतो. पुढे साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी. सरकारी आकड्यात पोर शाळेत, प्रत्यक्षात उसाच्या फडात. म्हणून सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चची हजेरी शेजारी शेजारी मांडून बघ. दरवर्षी जाणारी घरं बहुधा तीच असतात, त्यामुळे पुढच्या साली नावं ऑगस्टमध्येच तुझ्या हातात असतील. हंगामी वसतिगृहाची मागणी त्या नावांनिशी, टोळ्या हलण्याआधी गेली पाहिजे. मूल मागे ठेवलं तर घरी सांभाळायला आजी आहे का, हेही तेव्हाच विचार. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचा कागद, दिल्याशिवाय सोडू नकोस.

आता ‘असर’ हे सर्वेक्षण. ‘प्रथम’ संस्थेची माणसं २००५पासून घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं. त्यातून जिल्ह्याचा अंदाज येतो, तुझ्या शाळेचा नाही. ४ डिसेंबर २०२४चं सरकारी ‘परख’ सर्वेक्षणही निवडक शाळांतलंच. जिल्हा मागे पडला म्हणून वर्गावर चिडू नकोस, पुढे गेला म्हणून निर्धास्तही राहू नकोस.

पण ‘असर’ची पद्धत उचल. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडतं ते बघायचं. एकेकाला व्हरांड्यात बोलावून. सगळ्या वर्गाने एका सुरात वाचलेलं काही सांगत नाही, त्यात न वाचणाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. शब्दावर अडलेलं पाचवीतलं पोर आणि तिसरीतलं पोर रोज तासभर एका गटात बसव. द्विशिक्षकी शाळेत हे तसं सोपं, वर्ग एकत्र असतातच. गटाला ‘कच्चा’ म्हणालास तर पाचवीतला दुसऱ्या दिवशी येणार नाही.

टक्केवारीचं फार मनावर घेऊ नकोस. वर्गात आठ मुलं असतील तर एक पोर म्हणजे साडेबारा टक्के! ते उसाला गेलं की तुझी प्रगती आपोआप वर किंवा खाली. बैठकीत टक्के मागतील, दे. स्वतःच्या वहीत नावं लिही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यासमोर शाळेचे आकडे ठेव, कुणाच्या मुलाचं नाव नको. मूल कुठे अडतं ते त्याच्या आईला वेगळं सांग, तिच्यासमोर त्याला वाचायला लावून. आणि समितीची बैठक बाजाराच्या दिवशी ठेवत जाऊ नकोस, गणपूर्ती होत नाही.